फोटो निघाला, पण छापायचा कसा? पॅरिसच्या नगरभवनाच्या एका चित्राची गोष्ट

२४ मे १८७१. पॅरिसमधलं कम्यूनचं बंड मोडून काढण्यासाठी सरकारी सैन्य शहरात शिरून तीन दिवस झाले होते. गल्लोगल्ली लढाई सुरू होती. माघार घेताना कम्यूनच्या सैनिकांनी शहराचं नगरभवन, म्हणजे ‘ओतेल द व्हिल’, पेटवून दिलं. त्याच दिवशी सीन नदीतल्या बेटावरचं न्यायालयही पेटलं.

या दोन आगींत पॅरिसकरांची एक मोठी ठेव गेली. सोळाव्या शतकापासून १८५९ पर्यंतच्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी शहरानं जपून ठेवल्या होत्या. एक प्रत हरवली तर दुसरी असावी, म्हणून दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवण्याची काळजीही घेतली होती. पण एक प्रत नगरभवनात होती आणि दुसरी न्यायालयाच्या इमारतीत. दोन्ही एकाच दिवशी जळाल्या. पुढे चर्चमधली कागदपत्रं आणि घरोघरी जपलेले दाखले गोळा करून या नोंदी पुन्हा उभ्या करण्याचं काम अनेक वर्षं चाललं. तरी जेमतेम एक तृतीयांश नोंदीच परत मिळाल्या.

जळालेल्या नगरभवनाचं एक चित्र मात्र आजही संग्रहालयांत पाहायला मिळतं. आगीच्या जवळपास तीस वर्षं आधीचं हे चित्र कुणा चित्रकाराने काढलेलं नाही, आणि नेहमीच्या अर्थानं तो फोटोही नाही. तो शाईनं छापलेला फोटो आहे. कॅमेऱ्यातून निघालेला धातूचा पत्रा ॲसिडनं कोरून, त्याला शाई लावून तो कागदावर उतरवला आहे. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती.

फोटो काढणं आणि फोटो छापणं या दोन गोष्टी आज एकच वाटतात. एकोणिसाव्या शतकात मात्र या दोहोंमध्ये अनेक दशकांचं अंतर होतं. ते अंतर का पडलं, ते कसं मिटलं आणि शहरांच्या आठवणीशी त्याचा काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

सुरुवातीच्या फोटोंमध्ये इमारतीच का दिसतात?

पहिलं कारण अगदी साधं आहे. इमारती हलत नाहीत.

फ्रान्समधल्या निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास घराच्या खिडकीतून टिपलेलं दृश्य हे कॅमेऱ्यानं घेतलेलं सर्वांत जुनं उपलब्ध छायाचित्र मानलं जातं. त्यात दिसतात ती छपरं आणि भिंती. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये टिपलेल्या पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्यावर गाड्याही नाहीत आणि माणसंही नाहीत. प्रकाश टिपायला काही मिनिटं लागत असल्यानं चालती माणसं आणि गाड्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. फक्त बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस दिसतो.

दुसरं कारण सरकारी होतं. दागेर यांचा शोध ७ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत जाहीर झाला. त्याच वर्षी सरकारनं तो विकत घ्यावा, असा आग्रह धरताना खगोलशास्त्रज्ञ आणि खासदार फ्रान्स्वा आरागो यांनी इजिप्तमधल्या स्मारकांचं उदाहरण दिलं. तिथल्या भिंतींवरची लाखो चित्राक्षरं हातानं उतरवायला चित्रकारांच्या फौजेला कित्येक वर्षं लागतील, ते काम या यंत्रानं एकटा माणूस करू शकेल, असा त्यांचा मुद्दा होता. थोडक्यात, फोटोग्राफीकडे पहिल्यापासूनच इमारतींची नोंद ठेवणारं साधन म्हणून पाहिलं गेलं.

पॅरिसचं नगरभवन तर अशा नोंदीसाठी अगदी योग्य होतं. राजा पहिला फ्रान्स्वा याच्या काळात, १५३३ मध्ये, इटालियन वास्तुकार दोमेनिको दा कोर्तोना यांच्या आराखड्यानुसार त्याचं बांधकाम सुरू झालं आणि १६२८ मध्ये ते पूर्ण झालं. १८३७ पासून त्याचा मोठा विस्तार हाती घेण्यात आला. त्याच्यासमोरचा चौक म्हणजे ‘प्लास द ग्रेव्ह’. कामाच्या शोधात मजूर तिथे जमत. फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात, तो शब्द याच चौकावरून आला. १७८९, १८३० आणि १८४८ या तिन्ही क्रांत्यांमध्ये पॅरिसची गर्दी याच दारावर येऊन धडकली होती. या दर्शनी भिंतीचं चित्र म्हणजे शहराच्या राजकारणाचंच चित्र.

मग अडचण कुठे होती?

दागेर यांच्या पद्धतीनं तयार झालेल्या छायाचित्राला ‘दागेरोटाइप’ म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर देऊन तो आरशासारखा घासायचा. आयोडीनच्या वाफेनं तो प्रकाशाला संवेदनशील करायचा. कॅमेऱ्यात ठेवून दृश्य टिपायचं. मग पाऱ्याची वाफ द्यायची. जिथे प्रकाश पडला असेल तिथे पारा आणि चांदी यांचे सूक्ष्म पांढुरके कण तयार होतात. जिथे प्रकाश पडला नाही तिथे उघडी चकचकीत चांदी राहते. पत्रा तिरपा धरला की कणांचा भाग उजळ दिसतो, चांदी काळी दिसते आणि चित्र डोळ्यांसमोर येतं.

या चित्रात बारकावा विलक्षण असतो. भिंगातून पाहिलं तर छपराची कौलं मोजता येतात. पण त्यात तीन मोठ्या उणिवा होत्या. एक, चित्र आरशातल्यासारखं उलटं यायचं. उजवीकडचा मनोरा डावीकडे दिसायचा. दोन, बोट लागलं तरी ते पुसलं जायचं, म्हणून काचेखाली बंद करून ठेवावं लागायचं. तीन, आणि हीच सर्वांत मोठी उणीव, त्याची प्रत निघत नसे. एक पत्रा, एक चित्र.

त्या काळात पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि नकाशे हे सगळं शाईनं छापलं जात होतं. शिळाछाप होती, तांब्यावरचं कोरीव काम होतं, लाकडी ठसे होते. पॅरिसच्या नगरभवनाचा दागेरोटाइप मात्र ज्याच्या घरी असेल त्यालाच पाहता येई. तो पुण्याला तर सोडाच, लंडनला पाठवायचा तरी मूळ पत्राच पाठवावा लागे. तो हरवला की सगळं संपलं.

यातली गंमत अशी की निएप्स यांना मुळात प्रतीच काढायच्या होत्या. डांबराचा एक प्रकार प्रकाशात कडक होतो, हे त्यांनी हेरलं होतं. कार्डिनल द आंब्वाझ यांचं एक जुनं छापील चित्र त्यांनी १८२६ मध्ये प्रकाशाच्या मदतीनं धातूच्या पत्र्यावर उतरवलं. तो पत्रा ॲसिडनं कोरून त्याच्या छापील प्रतीही काढल्या. पण ही युक्ती रेषांच्या चित्रापुरतीच चालली. कॅमेऱ्यातल्या दृश्यातल्या करड्या छटा तिला पेलल्या नाहीत. १८३३ मध्ये निएप्स यांचं निधन झालं आणि दागेर यांनी वेगळी वाट धरली. चित्र सुरेख झालं, छपाई मात्र मागे पडली.

पहिला उपाय: फोटोवरून हातानं कोरणं

पॅरिसमधले चष्मे आणि भिंगं विकणारे व्यापारी नोएल लरबूर यांनी १८४० पासून एक मालिका काढायला सुरुवात केली. नाव होतं ‘एक्सकर्सियॉं दागेरिएन’, म्हणजे दागेरोटाइपच्या सहली. जगातल्या नामांकित वास्तूंची शंभराहून अधिक चित्रं तिच्यात प्रसिद्ध झाली. त्यासाठी त्यांनी माणसांना कॅमेरे देऊन दूरदूर पाठवलं. पिएर-गुस्ताव जोली द लोत्बिनिएर यांनी ऑक्टोबर १८३९ मध्येच, म्हणजे पद्धत जाहीर झाल्यावर दोन महिन्यांत, अथेन्सच्या पार्थेनॉनचं छायाचित्र टिपलं. त्यांचे मूळ पत्रे आज उपलब्ध नाहीत. ते पाहता येतात ते लरबूर यांच्या छापील पानांमुळेच.

या मालिकेतली जवळजवळ सगळी चित्रं हातानं कोरलेली होती. दागेरोटाइपवरून बाह्यरेषा उतरवायच्या, त्या तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर घ्यायच्या आणि कोरीवकाम करणाऱ्या कारागिरानं छटा भरायच्या. आता कारागिराचा हात आला की त्याची आवडही आली. रिकामे चौक बघवत नाहीत म्हणून त्यात माणसं घातली गेली, घोडागाड्या आल्या, आकाशात ढग आले. वाचकाला सांगितलं जात होतं की हे चित्र सूर्यप्रकाशानं काढलं आहे. प्रत्यक्षात इमारत कॅमेऱ्यानं टिपलेली आणि माणसं कारागिराच्या मनातली, असा प्रकार होता.

इथे एक खरा पेच उभा राहिला. खरं चित्र हवं असेल तर एकच प्रत मिळणार. अनेक प्रती हव्या असतील तर मध्ये माणसाचा हात येणार. खरेपणा आणि प्रती या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नव्हत्या.

फिझो यांनी काय केलं?

हा पेच सोडवण्याचा सरळ मार्ग म्हणजे दागेरोटाइपचाच ठसा बनवणं. १८३९ मध्येच पॅरिसचे डॉक्टर आल्फ्रेद दोने यांनी ॲसिडनं पत्रा कोरून काही प्रती काढल्या होत्या. व्हिएन्नातले शरीरशास्त्राचे प्राध्यापक योझेफ बेरेस यांनीही १८४० मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले. पण चांदी मऊ आणि कोरलेला भाग उथळ, त्यामुळे थोड्याच प्रती निघत आणि त्याही फिकट.

इपोलित फिझो हे तेव्हा विशीतले तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढे १८४९ मध्ये त्यांनी फिरत्या दातेरी चाकाच्या मदतीनं पृथ्वीवर प्रकाशाचा वेग मोजला आणि ते त्यासाठीच प्रसिद्ध झाले. त्याआधी त्यांनी दागेरोटाइपच्या छपाईचा प्रश्न हाती घेतला होता. त्यांची रीत टप्प्याटप्प्यानं अशी होती:

१. दागेरोटाइपवर ॲसिडचं मिश्रण ओतायचं. पाऱ्याचे कण असलेल्या उजळ भागावर त्याचा परिणाम होत नाही. उघड्या चांदीचं मात्र सिल्व्हर क्लोराइड होतं.

२. हा थर साचला की ॲसिडचं काम थांबतं. म्हणून तो अमोनियानं धुऊन काढायचा आणि पुन्हा ॲसिड द्यायचं. असं अनेकदा करत गेलं की काळे भाग हळूहळू खोल होतात.

३. तरीही ही खोली शाई धरण्याइतकी नसते. म्हणून खोलगट भागांत जवसाचं तेल भरायचं आणि वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा. मग विजेच्या साहाय्यानं पत्र्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा. तेल असलेल्या जागी सोनं चढत नाही. ते फक्त उंच, उजळ भागांवर चढतं.

४. तेल काढून टाकायचं. आता उजळ भागांना सोन्याचं कवच आहे, त्यामुळे जास्त कडक ॲसिड वापरून काळे भाग आणखी खोल करता येतात. करड्या छटांना शाई धरता यावी म्हणून पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून दाणेदारपणा आणायचा.

५. शेवटी, मऊ चांदी छपाईच्या दाबाखाली झिजू नये म्हणून पत्र्यावर तांब्याचा पातळ थर चढवायचा.

मग पत्र्याला शाई लावायची, वरची पुसायची, खोलगट भागांत राहिलेली शाई ओलसर कागदावर दाबून घ्यायची. जिथे मूळ दृश्यात सावली होती तिथे खळगा, खळग्यात शाई, म्हणून कागदावर काळा रंग. जिथे ऊन होतं तिथे कोरा कागद.

यात एक फायदा आपसूक मिळाला. दागेरोटाइप आरशासारखा उलटा असतो आणि छापताना चित्र पुन्हा एकदा उलटतं. दोनदा उलटल्यामुळे कागदावर ते सुलट येतं. उजवीकडचा मनोरा पुन्हा उजवीकडे गेला.

लरबूर यांच्या मालिकेत या पद्धतीनं छापलेली अगदी मोजकी चित्रं आहेत. त्यांतलंच एक पॅरिसच्या नगरभवनाचं. शेजारच्या कोरीव चित्रांच्या तुलनेत ते काहीसं उदास वाटतं. पण त्यातल्या भिंतींवरच्या सावल्या कुणी कल्पनेनं भरलेल्या नाहीत. त्या दिवशी सूर्य जिथे होता, तिथूनच त्या पडल्या आहेत.

ही पद्धत का टिकली नाही?

कारण ती फार नाजूक होती. एकेका पत्र्यावर इतके उपचार करावे लागत की कुठल्याही टप्प्यावर मूळ चित्र बिघडण्याची भीती असे. बिघडलं तर ठसाही गेला आणि दागेरोटाइपही गेला. कुशल कारागिराला हातानं कोरणं त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं वाटे.

त्याच सुमारास दुसरीकडे एक वेगळा मार्ग मोकळा झाला होता. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदावर निगेटिव्ह घेण्याची रीत शोधली. एका निगेटिव्हवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येत. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक भागाभागानं प्रसिद्ध केलं. त्यात २४ छायाचित्रं होती. पहिलंच चित्र ऑक्सफर्डमधल्या क्वीन्स कॉलेजच्या इमारतीचं, तर दुसरं पॅरिसच्या रस्त्याचं.

मग प्रश्न सुटला का? नाही. हे फोटो छापलेले नव्हते. प्रत्येक प्रत उन्हात ठेवून तयार करायची, धुवायची, वाळवायची आणि पुस्तकात हातानं चिकटवायची. ढगाळ हवेत काम थांबे. त्याहून वाईट म्हणजे हे फोटो विटायचे. टॅल्बट यांच्या पुस्तकातली कित्येक चित्रं फिकट पडली. ही तक्रार इतकी वाढली की १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीला फोटो का विटतात हे शोधण्यासाठी खास समिती नेमावी लागली.

भारतातही हीच रीत होती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. काही वर्षांतच तिथून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे नियतकालिक निघू लागलं. त्याच्या अंकांतही फोटो छापलेले नव्हते, चिकटवलेले होते.

सरकारनं फोटो काढून घेतले, पण पुढे काय?

१८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगानं एक मोठं पाऊल उचललं. एदुआर बाल्दूस, इपोलित बायार, गुस्ताव ल ग्रे, आंरी ल सेक आणि ओग्युस्त मेस्त्राल या पाच छायाचित्रकारांना देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाठवून जुन्या इमारतींचे फोटो काढायला सांगितलं. ‘मिशन हेलिओग्राफिक’ म्हणून हा उपक्रम ओळखला जातो. कुठल्या इमारतीची दुरुस्ती आधी करायची, हे ठरवायला हे फोटो उपयोगी पडणार होते.

छायाचित्रकारांनी काम चोख केलं. पण आयोगानं निगेटिव्ह ताब्यात घेतल्या आणि त्यांचा संग्रह लोकांसाठी प्रसिद्ध केलाच नाही. देशाच्या वास्तूंची नोंद झाली खरी, पण ती सरकारी कपाटात राहिली. पॅरिसच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसारखीच.

लोकांपर्यंत पोहोचायचं तर शाईच हवी होती. १८५२ मध्ये शिळाछापाचे नावाजलेले मुद्रक लमेर्सिए यांनी, नगरभवनाचं चित्र प्रसिद्ध करणाऱ्या त्याच लरबूर यांच्यासह आणि दोन रसायनतज्ज्ञांसह, एक प्रयोग केला. निएप्स यांचंच डांबर त्यांनी शिळाछापाच्या दगडावर वापरलं. त्यातून निघालेल्या चित्रांत ल सेक यांनी टिपलेल्या चर्चच्या इमारती होत्या. इमारतींचे फोटो, न हलणारे आणि छटांनी भरलेले, या नव्या छपाईची कसोटी पाहायला सोयीचे होते.

दहा हजार फ्रँकचं बक्षीस

१८५६ मध्ये ड्यूक द लुईन या श्रीमंत पुरातत्त्वप्रेमी सरदारानं दहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. त्यातले आठ हजार फोटो शाईनं छापण्याची उत्तम पद्धत शोधणाऱ्याला आणि दोन हजार न विटणारे फोटो तयार करणाऱ्याला मिळणार होते. अभ्यासकाला दूरच्या वास्तूचं खात्रीचं चित्र हवं असतं आणि ते शंभर वर्षांनीही तसंच राहायला हवं. ही गरज त्या बक्षिसामागे होती.

शार्ल नेग्र या चित्रकार-छायाचित्रकारानं शार्त्र इथल्या कॅथेड्रलच्या दर्शनी भागाची पत्र्यावर कोरलेली विलक्षण देखणी चित्रं तयार केली. तरी १८६७ मध्ये मोठं बक्षीस गेलं आल्फोन्स प्वातव्हँ या रसायनतज्ज्ञाकडे. छोटं बक्षीस त्यांना आधीच, १८६२ मध्ये, मिळालं होतं. नेग्र यांची चित्रं अधिक सुंदर होती, असं आजही अनेकांना वाटतं. पण प्वातव्हँ यांची पद्धत सोपी होती आणि छापखान्यात रोज चालण्यासारखी होती.

तिच्या मुळाशी एक साधा गुणधर्म आहे. जिलेटिन किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलं आणि त्यावर प्रकाश पडला, की तो भाग कडक होतो आणि पाणी शोषेनासा होतो. दगडावर असा थर देऊन त्यावर निगेटिव्ह ठेवून ऊन द्यायचं. मग दगड ओला करायचा. प्रकाश न पडलेला भाग पाणी पितो आणि तेलकट शाई झिडकारतो. प्रकाश पडलेला भाग शाई धरतो. मधल्या छटा त्या-त्या प्रमाणात शाई घेतात. कोरणं नाही, सोनं नाही, बाकी सगळं नेहमीच्या शिळाछापासारखंच.

याचं पुण्याशी काय नातं?

डायक्रोमेटची हीच युक्ती दगडाऐवजी जस्ताच्या पत्र्यासाठी वापरली की तिला फोटोझिंकोग्राफी म्हणतात. झिंक म्हणजे जस्त. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या भूमापन खात्यानं साउथॅम्प्टनमध्ये ती विकसित केली. नकाशे लहान-मोठे करून छापण्यासाठी तिचा उपयोग झाला. अकराव्या शतकातल्या ‘डूम्सडे बुक’ या इंग्लंडच्या जमीनमोजणीच्या ग्रंथाची हुबेहूब प्रतही तिनंच छापली गेली. भारतात भूमापनाच्या कचेऱ्यांनी ती उचलली. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात ती आजही आहे. पुढे फोटोवरून जस्ताचा ठसा करण्याची रीत सर्वत्र पसरली आणि मराठी छापखान्यांत ‘ब्लॉक करून घेणं’ हा रोजचा शब्दप्रयोग झाला.

१८७१ नंतर काय झालं?

आग विझल्यावर नगरभवनाच्या काळवंडलेल्या भिंती छायाचित्रकारांचं मोठं आकर्षण ठरल्या. आल्फोन्स लिएबेर यांनी पॅरिसच्या भग्नावशेषांचा शंभर फोटोंचा संग्रह काढला. तोही चिकटवलेल्या फोटोंचाच. बक्षीस मिळालं असलं तरी फोटोची छपाई अजून सर्वत्र रुळली नव्हती.

त्याच वेळी फोटोच्या खरेपणाचा प्रश्न नव्यानं पुढे आला. एर्नेस्त आपेर या छायाचित्रकारानं ‘कम्यूनचे गुन्हे’ नावाची मालिका विकायला आणली. तिच्यातले प्रसंग खरे टिपलेले नव्हते. नटांना उभं करून फोटो काढले होते आणि त्यांवर खऱ्या व्यक्तींचे चेहरे चिकटवले होते. लरबूर यांच्या कारागिरानं चौकात माणसं घातली ती शोभेसाठी. आपेर यांनी ती घातली राजकारणासाठी.

एदुआर बाल्दूस यांचं काम मात्र वेगळ्या अर्थानं मोलाचं ठरलं. लूव्हर आणि त्याला जोडलेला त्विलरी राजवाडा यांची शाईनं छापलेली छायाचित्रं ते १८६९ ते १८७५ या काळात प्रसिद्ध करत होते. अर्धं काम चालू असतानाच, २३ मे १८७१ च्या रात्री, त्विलरी पेटला. १८८३ मध्ये त्याचे अवशेषही पाडले गेले. बाल्दूस यांची पानं तोवर अनेक ग्रंथालयांत पोहोचली होती आणि शाई विटत नाही.

नगरभवन मात्र पुन्हा उभं राहिलं. तेओदोर बालू आणि एदुआर दपेर्त या वास्तुकारांनी १८७४ ते १८८२ या काळात ते बांधलं. बाहेरची दर्शनी बाजू जुन्यासारखी ठेवली, आतली रचना मात्र नवी केली. आज पर्यटक ज्या ‘जुन्या’ इमारतीसमोर फोटो काढतात ती खरं तर १८८२ ची आहे. मूळ भिंत कशी दिसायची, हे पाहायला फिझो यांच्या ठशासारखी कागदावरची चित्रंच उरली आहेत.

जुना छापील फोटो पाहताना काय पाहावं?

संग्रहालयात किंवा जुन्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकातलं एखादं शहराचं चित्र दिसलं, तर काही खुणा उपयोगी पडतात.

चित्राच्या चारही बाजूंना कागदावर दाबाची चौकट दिसत असेल, तर ते धातूच्या पत्र्यावरून छापलेलं आहे. भिंगाखाली समांतर किंवा एकमेकांना छेदणाऱ्या रेषा दिसल्या, तर हातानं कोरलेलं असण्याची शक्यता जास्त. राळेच्या पुडीसारखा अनियमित दाणेदारपणा दिसला, तर हात आणि कॅमेरा या दोन्ही शक्यता राहतात, कारण कारागीरही अशी पूड वापरत. ओळीनं मांडलेले लहान-मोठे ठिपके दिसले, तर ते चित्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या जाळीच्या पद्धतीनं छापलेलं आहे. वर्तमानपत्रांत फोटो सर्रास दिसू लागले ते याच पद्धतीमुळे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, माणसांकडे लक्ष द्या. १८४० च्या सुमारासच्या चित्रात चौकभर लोक ऐटीत फिरताना दिसले, तर ते बहुधा नंतर आलेले आहेत. आकाशात सुंदर ढग असतील, तर तेही. रिकामा चौक, कोरं आकाश आणि बारीकसारीक तपशिलांनी भरलेली भिंत दिसली, तर ती भिंत विश्वासाची.

ही सवय नंतरच्या फोटोंनाही लागू पडते. पॅरिसच्या याच नगरभवनासमोर १९५० मध्ये रोबेर द्वानो यांनी टिपलेला चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा फोटो जगभर गाजला. तो सहज टिपलेला नव्हता, जोडप्याला तसं करायला सांगितलं होतं, हे कित्येक वर्षांनी उघड झालं. मागची इमारत मात्र जशी होती तशीच त्यात आली आहे.

पॅरिसनं आपल्या नोंदींच्या दोन प्रती ठेवल्या आणि दोन्ही गमावल्या. नगरभवनाचं चित्र वाचलं, कारण ते कुठल्याही एका इमारतीत नव्हतं. आज घराघरांतल्या फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि त्यांतल्या बहुतेकांची प्रत कुठेच नसते. फोटो काढणं म्हणजे जपणं नव्हे, हे फिझो यांच्या पिढीला ठाऊक होतं. एवढ्याचसाठी त्यांनी ॲसिड, तेल आणि सोनं घेऊन एका पत्र्याशी झुंज दिली.